सलामीवीर विजय मर्चंट

क्रिकेटच्या खेळात सर्वांत अवघड काम कोणाचे, असे विचारले तर निरनिराळे लोक निरनिराळी उत्तरे देतील. परंतु ज्याने नवा, लालभडक, चकाकणारा चेंडू वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटताना जवळून पाहिला आहे, तो सलामीच्या फलंदाजाचेच नाव घेईल. त्या वेळी खेळपट्टी ताजी असते. तिच्यातील ओलावा पुरता सुकलेला नसतो. गोलंदाज दमलेले नसतात. चेंडूची शिवण उंच असते आणि ती जमिनीवर आपटली की चेंडू कोणत्या बाजूस वळेल याचा नेम नसतो. अशा चेंडूस सामोरे जाऊन त्याची चकाकी घालवावयाची, गोलंदाजांचा जोम उतरवावयाचा आणि मागून येणाऱ्या सोबत्यांच्या हाती सोपा झालेला खेळ सोपवावयाचा, हे सलामीच्या फलंदाजाचे काम. पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या नावावर वीसपंचवीस धावाच लागतात आणि शतकाचा मान पाचव्या क्रमांकावरील खेळाडूस मिळतो.

हे काम ज्यांनी भारतासाठी एखाद्या शास्त्रासारखे अभ्यासून केले, ते विजय मर्चंट होत.

विजय यांचा जन्म दि. १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबई येथे झाला. ठाकरसी हे मुंबईतील गिरणीमालकांचे प्रसिद्ध घराणे. त्याच घराण्यातील माधवजी हे त्यांचे वडील. मग ‘मर्चंट’ हे नाव आले कोठून? त्याची हकीकत मोठी गमतीची सांगतात. मुलाचे नाव भर्डा न्यू हायस्कुलात घालताना वडिलांच्या व्यवसायाची चौकशी झाली. वडील व्यापारी आहेत, असे इंग्रजीतून सांगण्यात आले आणि त्या शब्दालाच आडनाव समजून ते शाळेच्या दप्तरात नोंदले गेले. पुढे ती चूक कोणी दुरुस्त केली नाही. विजय ठाकरसी हा विजय मर्चंट झाला आणि त्याच नावाने जगाने त्याला ओळखले.

शाळेनंतर विजयने सिडनहॅम कॉलेजात शिक्षण घेतले. घरात पैशाची ददात नव्हती. पोटासाठी खेळण्याची गरज तर मुळीच नव्हती. परंतु त्या काळच्या मुंबईत क्रिकेटचे वेड श्रीमंत-गरीब असा भेद जाणत नसे. समुद्राच्या काठाने एकापुढे एक अशी हिंदू, मुसलमान व पारशी जिमखान्यांची मैदाने होती. दरवर्षी पावसाळा संपला की युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचे चौरंगी सामने होत आणि ते पाहण्यासाठी कचेऱ्या ओस पडत. पुढे १९३७ मध्ये इतर समाजांचा पाचवा संघ त्यांत आला आणि चौरंगीचे पंचरंगी सामने झाले. धर्मावरून संघ पाडण्याची ही रीत गांधीजींस पसंत नव्हती. १९४६ नंतर ती बंदही पडली. तथापि त्या काळी मोठा खेळाडू होण्याचा राजमार्ग याच सामन्यांतून जात असे. १९२९ च्या हंगामात, वयाच्या अठराव्या वर्षी, विजय हिंदूंच्या संघात दाखल झाला.

उंची बेताची, अंगाने फार धिप्पाड नव्हे. त्यामुळे केवळ बळाच्या जोरावर चेंडू सीमेपार धाडणे हा त्यांचा मार्ग नव्हता. त्यांनी डोळा आणि पाय यांना शिस्त लावली. चेंडू हवेतून मारला म्हणजे झेल जाण्याची भीती. म्हणून शक्य तो चेंडू गवतावरून सरपटत गेला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यांचा लेट कट तर पाहत राहावा असा. चेंडू यष्टीजवळ येईपर्यंत ते स्वस्थ थांबत. आता हा त्रिफळाचीत होणार असे वाटावे, तोच बॅट हलकेच खाली येई आणि यष्टिरक्षकाच्या बाजूने चेंडू मागल्या सीमेकडे धावू लागे. हा फटका घाईच्या माणसास साधत नाही.

१९३२ साली भारताचा संघ इंग्लंडला जाऊन आपला पहिला कसोटी सामना खेळणार, असे ठरले. देशातील प्रत्येक तरुण फलंदाजाचे डोळे त्या संघाकडे लागले होते. विजय विशीत होता आणि त्याची निवड होण्याचा चांगला संभव होता. परंतु त्याच वर्षाच्या जानेवारीत सरकारने गांधीजींना अटक करून तुरुंगात टाकले. देशातील इतर पुढारीही पकडले गेले. पुढारी बंदिवासात असताना राज्यकर्त्यांच्या देशी खेळावयास कसे जावे, असा प्रश्न मुंबईच्या हिंदू जिमखान्यापुढे उभा राहिला. ल. पु. जय हे त्या काळचे नामांकित फलंदाज. त्यांनी आणि विजयने निवडीच्या सामन्यांतून अंग काढून घेतले.

या त्यागाची किंमत काय, हे खेळणाऱ्या मुलांस सांगावयास नको. पहिला कसोटी संघ एकदाच निघतो. पुढच्या दौऱ्यात जागा मिळेलच याची शाश्वती कोणी दिली नव्हती. जे गेले त्यांना देशाची चाड नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली त्या खेळाडूंनी लॉर्ड्सच्या मैदानावर जून १९३२ मध्ये इंग्लंडला चांगलेच झुंजविले. त्या सामन्यात भारताची सलामी देण्यास नाऊमल जेऊमल यांच्या जोडीने उतरले ते पुणे जिल्ह्यातील फुलगावचे यष्टिरक्षक जनार्दन नवले. विजय मर्चंट त्या वेळी हजारो मैल दूर मुंबईत होते.

पुढल्याच वर्षी इंग्लंडचा संघ भारतात आला. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. ज्या जिमखान्याचे सभासद होण्यास भारतीयांना मज्जाव होता, त्याच्याच हिरवळीवर लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक काढले. मर्चंट यांचा हा पहिला कसोटी सामना. त्यांनी २३ व ३० धावा केल्या. नंतर कलकत्त्याच्या सामन्यात अर्धशतक झळकावले. सलामीची जागा मात्र त्यांच्याकडे अजून आली नव्हती.

ती आली १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात. हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासात फारशा अभिमानाने सांगावा असा नाही. संघाचे नायकपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे होते. ते त्यांना खेळातील योग्यतेपेक्षा संपत्ती आणि वजन यांमुळे मिळाले होते, हे सर्वांस ठाऊक होते. संघात तट पडले. अमरनाथ यांच्यासारख्या गुणी खेळाडूस बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी परत पाठविण्यात आले. अशा वातावरणात खेळाकडे चित्त ठेवणे किती कठीण! पहिला सामना भारताने गमावला.

दुसरा सामना मँचेस्टर येथील ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर जुलै महिन्यात सुरू झाला. भारताचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. इंग्लंडने ८ बाद ५७१ धावा करून डाव सोडला. भारत ३६८ धावांनी मागे पडला होता आणि सामना तीनच दिवसांचा असला तरी दुसऱ्या दिवसाचा बराच खेळ अद्याप शिल्लक होता. डावाने पराभव होणार, असे बहुतेक प्रेक्षक धरून चालले होते.

सलामीस दोघे निघाले. एक मर्चंट आणि दुसरे इंदूरचे सय्यद मुश्ताक अली. या दोघांइतके परस्परविरुद्ध स्वभावाचे फलंदाज शोधूनही सापडले नसते. मुश्ताक म्हणजे वाऱ्याची झुळूक. वेगवान गोलंदाजासही पुढे नाचत जाऊन फटकावावयाचे, यष्टीबाहेरचा चेंडू ओढून भलतीकडेच मारावयाचा, असा त्यांचा खेळ. मर्चंट म्हणजे गणिताचे पुस्तक. या सामन्यासंबंधी मुश्ताक यांनी पुढे एक हकीकत सांगितली. मैदानावर जाण्यापूर्वी नायकाने त्यांस बाजूला घेऊन मर्चंट यांना धावचीत करण्यास सुचविले होते! मर्चंट यांच्याशी नायकाचे जमत नव्हते आणि त्यांचे यश त्यांस नको होते. मुश्ताक यांनी खेळपट्टीकडे जाता जाता ही गोष्ट मर्चंट यांच्याच कानी घातली. दोघेही हसले आणि खेळावयास उभे राहिले.

मग जे झाले ते इंग्लंडच्या प्रेक्षकांनी भारतीयांकडून कधी पाहिले नव्हते. ॲलन, गोव्हर, हॅमंड, व्हेरिटी, सगळे गोलंदाज आलटून पालटून आले; परंतु जोडी फुटेना. एका बाजूने मुश्ताक यांचे फटके विजेसारखे चमकत होते, तर दुसऱ्या बाजूस मर्चंट प्रत्येक चेंडूस त्याच्या योग्यतेप्रमाणे वागवीत होते. चांगल्या चेंडूस मान, वाईट चेंडूस सीमेचा रस्ता. शंभरीजवळ पोहोचताच मुश्ताक यांची घाई पाहून इंग्लंडचे हॅमंड यांनी त्यांस सबुरीने खेळण्यास सांगितले, असेही सांगतात. प्रतिस्पर्ध्याचे हे मन मोठेच म्हटले पाहिजे. दि. २७ जुलै १९३६ रोजी खेळ थांबला तेव्हा भारताच्या १९० धावा झाल्या होत्या आणि एकही गडी बाद झाला नव्हता. मुश्ताक यांचे शतक झाले होते. परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या एका दिवसात दोन्ही संघांनी मिळून ५८८ धावा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी २०३ धावांवर जोडी फुटली. मुश्ताक ११२ धावांवर बाद झाले. मर्चंट यांनी आपले शतक पुरे केले आणि ११४ धावा करून ते परतले. भारताने ५ बाद ३९० पर्यंत मजल मारली आणि सामना अनिर्णित राहिला. सामना जिंकला नाही, पण डावाचा पराभव टळला. ज्या संघात नायकच आपल्या फलंदाजाचे वाईट चिंतीत होता, त्या संघाची अब्रू एका हिंदू आणि एका मुसलमान तरुणाने एकमेकांवर विश्वास टाकून राखली होती. धर्मावरून पाडलेल्या संघांतून हेच दोघे मुंबईत एकमेकांविरुद्ध उतरत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचा स्नेह पुढे टिकला. त्या दौऱ्यात मर्चंट यांनी १७४५ धावा केल्या आणि ‘विस्डेन’ या इंग्लंडच्या क्रिकेट वार्षिकाने १९३७ मध्ये त्यांची वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत गणना केली.

आता कोणासही वाटेल की, या फलंदाजाने पुढील दहा वर्षे जगभर मैदाने गाजविली असतील. तसे झाले नाही. ऑगस्ट १९३६ नंतर जून १९४६ पर्यंत भारताच्या वाट्याला एकही कसोटी सामना आला नाही. मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंतचा, फलंदाजाच्या आयुष्यातील ऐन भराचा काळ मर्चंट यांनी कसोटीविना काढला.

पण बॅट खाली ठेवली नाही. देशातील सामन्यांत त्यांनी धावांचे डोंगर रचले. सांगलीचे विजय हजारे आणि मुंबईचे विजय मर्चंट या दोन विजयांत तर पंचरंगी सामन्यांत विक्रमाची जणू शर्यतच लागली. मर्चंट यांनी नाबाद २४३ धावांचा विक्रम केला होता. १९४३ मध्ये हजारे यांनी २४८ काढून तो मोडला. काही दिवसांतच अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हजारे यांच्याच संघाविरुद्ध नाबाद २५० धावा केल्या. लोकांना वाटले, झाले! परंतु त्याच सामन्यात हजारे दुसऱ्या डावात एकाकी उभे राहिले आणि त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. हिंदूंचा संघ डावाने जिंकला, विक्रम मात्र हजारे यांच्याकडे गेला. मर्चंट यांनी त्याच हंगामात महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात मुंबईसाठी नाबाद ३५९ धावा केल्या. त्यात रुसी मोदी यांच्या जोडीने सहाव्या गड्यासाठी ३७१ धावांची भर घातली. ही स्पर्धा अशी की, तीत द्वेषाचा लवलेशही नव्हता. पुढे आठ वर्षांनी या दोघांनी भारतासाठी एकत्र काय केले, ते पुढे येईलच.

१९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून एक इंग्रज सैनिक खेळला. त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन. युद्धामुळे तो हिंदुस्थानात आला होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या. मर्चंट यांनी २७८. मुंबईने सामना जिंकला. या कॉम्प्टनशी त्यांची पुन्हा गाठ पडली ती १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, आणि तीही मोठ्या चमत्कारिक रीतीने.

हा अखंड हिंदुस्थानचा शेवटचा दौरा. नायक होते पतौडीचे नबाब इफ्तिखार अली आणि उपनायक मर्चंट. त्या वर्षी इंग्लंडमध्ये पावसाने कहर केला होता. ओल्या खेळपट्ट्यांवर चेंडू उसळत आणि वळत. अशा वेळी सलामीच्या फलंदाजाची खरी कसोटी लागते. मर्चंट यांनी त्या दौऱ्यात ७४ हून अधिक सरासरीने २३८५ धावा केल्या. ओव्हलच्या कसोटीत ते १२८ धावांवर खेळत होते. तोवर कोणाही भारतीयाने कसोटीत इतक्या धावा केल्या नव्हत्या. एक धाव काढण्यासाठी ते निघाले. कॉम्प्टन हा क्रिकेटप्रमाणेच फुटबॉलचाही कसलेला खेळाडू. वाकून चेंडू उचलण्यास वेळ नाही, हे पाहून त्याने धावता धावता चेंडूस लाथ मारली आणि तो नेमका यष्टीवर जाऊन आदळला. इतका सावध फलंदाज अखेर धावचीत झाला तो फुटबॉलच्या फटक्याने!

१९४७ साली स्वतंत्र भारताचा संघ ऑस्ट्रेलियास जावयाचा होता. नायक म्हणून मर्चंट यांची निवड झाली. समोर डॉन ब्रॅडमन होते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील दोघांच्या सरासरी पाहिल्या तर ब्रॅडमन यांची ९५.१४ आणि तिच्या खालोखाल मर्चंट यांची ७१.६४ असा क्रम लागतो. हे दोघे एका मैदानावर उतरणार, ही कल्पनाच रोमांचक होती. परंतु मर्चंट यांच्या प्रकृतीने दगा दिला. त्यांनी माघार घेतली आणि नायकपद अमरनाथ यांच्याकडे गेले. ब्रॅडमन व मर्चंट यांचा सामना कधीच झाला नाही. मर्चंट यांचे सर्व कसोटी सामने इंग्लंडविरुद्धच झाले, आणि तेही अवघे दहा.

दहावा सामना नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीस झाला. मर्चंट यांना चाळीस वर्षे पुरी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पाच वर्षांत त्यांनी एकही कसोटी खेळली नव्हती. पंकज रॉय या कोवळ्या बंगाली तरुणाच्या जोडीने ते सलामीस उतरले. रॉय लवकर बाद झाले. मर्चंट हलले नाहीत. मग हजारे आले, आणि पंचरंगीतील त्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भर घातली. मर्चंट यांच्या १५४ धावा झाल्या. ती कसोटीतील भारतीयाची तोवरची सर्वोच्च धावसंख्या होती. पण त्याच डावात हजारे नाबाद १६४ पर्यंत गेले आणि तो विक्रमही त्यांनी नेला. पुढे क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्यास दुखापत झाली. ती इतकी की, पुन्हा कसोटी खेळणे नाही, असे त्यांनी ठरविले. शतक काढून निवृत्त झालेला खेळाडू विरळा. लोक का जातो असे विचारतात तोवरच जावे; का जात नाही असे विचारण्याची वेळ आणू नये, असे त्यांचे मत होते.

त्यानंतरचे आयुष्य त्यांनी गिरणीच्या कारभारात घालविले. पण क्रिकेट सुटले नाही. रविवारी दुपारी विविध भारतीवरून ते क्रिकेटवर बोलत. बंदरापलीकडे मोरा, उरण, पनवेल येथपर्यंत मुंबईचा तो आवाज पोहोचे. अंध व अपंग यांच्यासाठी त्यांनी मनापासून काम केले. अपंगांस भीक नको, काम हवे, हे जाणून त्यांनी आपल्या गिरणीत त्यांना नोकऱ्या दिल्या.

निवड समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी तरुणांस पुढे आणले. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर त्यांच्याच काळात भारताकडून खेळू लागला. १९७१ च्या आरंभी वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी नायक निवडावयाचा होता. पतौडीचे धाकटे नबाब मन्सूर अली की मुंबईचे अजित वाडेकर? मते सारखी पडली. अध्यक्षांच्या जादा मताने वाडेकर नायक झाले. नबाबांसारख्या लोकप्रिय नायकास दूर केल्याबद्दल मर्चंट यांच्यावर टीका झाली. परंतु त्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने प्रथम वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. या दोन देशांत भारताने मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघातून सुनील गावसकर नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा नव्या चेंडूस सामोरा गेला.

दि. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबई येथे विजय मर्चंट यांचे निधन झाले. त्या दिवसांत भारतात विश्वचषकाचे सामने चालू होते. भारतातील सोळा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेस त्यांचे नाव देण्यात आले. विजय मर्चंट करंडकाच्या सामन्यात सकाळी नवा चेंडू हाती घेतला जातो आणि दोन मुले बॅट काखेत धरून खेळपट्टीकडे चालू लागतात.